भाव उतरण्याची वाट

दाजी गेल्याचा निरोप अंबडच्या आमच्या कारखान्यात फोनवर आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "आता कसलं होतंय ताईचं घर!" शेजारचा कारकून माझ्याकडे बघतच राहिला. रडू नंतर आलं, आधी चीड आली... महिना उलटला तरी ती गेलेली नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सातपूरला एका कारखान्यात हिशेबनीस होते आणि पगारातून उरेल त्याचे शेअर घेत. पण शेअरवाला म्हटला की जो माणूस डोळ्यांपुढे येतो, त्याच्याशी यांचं गोत्रच जुळत नसे. कुणाची टीप ऐकायची नाही, उसन्यावर घ्यायचं नाही. कंपनीचे जुने ताळेबंद मिळवायचे, डोक्यावर कर्ज किती, लाभांश कधी चुकला का, हे बघायचं. एवढ्यावरही भागत नसे. एकदा शेतीपंप करणाऱ्या कंपनीचा शेअर मनात भरला, तर मला स्कूटरवर मागे बसवून निफाडला नेलं आणि द्राक्षबागांतून विहिरीविहिरीवर हिंडवलं. एक बागाईतदार म्हणाला, "मोटार लय भारी हाय साहेब, पण बिघडली तर सामान मिळत नाय. बाग वाळून जाती तवर." दाजींनी त्याला आणखी चार प्रश्न विचारले, चहा घेतला आणि परतताना म्हणाले, "नाही घ्यायचा." ताळेबंद एवढा देखणा असून! पुढे त्या कंपनीचं गिऱ्हाईक खरंच तुटलं.

दाजी बरोबर ठरायचे, हीच तर पंचाईत होती. कंपनी पटली तरी लगेच घेणार नाहीत. "माल चांगला आहे, भाव चांगला नाही. थांबू." बाजार कोसळून बाकीच्यांनी हातपाय गाळले, की हे शांतपणे दलालाला पत्र टाकायचे. ऐंशीनंतरच्या तेजीत आमच्या अर्ध्या कारखान्याने नव्या नव्या कंपन्यांचे फॉर्म भरले, मीही भरले. त्यातल्या कित्येकांची आज पाटीसुद्धा सापडत नाही. दाजींना मात्र खरचटलंही नाही.

आणि या शहाण्या माणसाने ताईला उभा जन्म भाड्याच्या दोन खोल्यांत, सामाईक नळावरच्या भांडणांत ठेवलं. कॉलेज रोडला शेतं होती तेव्हाची गोष्ट. आम्ही तिघे प्लॉट बघायला गेलो. ओटा कुठे, तुळस कुठे, हे ताईने तिथल्या तिथे काटकीने आखलं. दाजींनी मात्र इथे घर बांधलं तर भाडं किती सुटेल याचा हिशेब मांडला आणि म्हणाले, "भाव फार चढलाय. उतरेल. थांबू."

"दाजी, जमीन म्हणजे शेअर नाही हो! ती कशाला उतरतेय?"

"सगळं उतरतं, अरुण. धीर लागतो."

नाही उतरली. दरवर्षी मी भांडायचो, दरवर्षी भाव आणखी चढलेला, आणि चढत्या भावात घेणं तर त्यांच्या तत्त्वातच बसत नसे. ताई आधी रुसायची, मग तिने विषय काढणंच सोडलं. निफाडच्या परक्या माणसाला मोटारीबद्दल खोदून खोदून विचारणाऱ्या दाजींनी बायकोला कधी विचारलं नाही, की बाई, तू किती थांबू शकशील? मला त्यांचा अजून राग येतो. माणूस लाखात एक होता, म्हणून जास्तच येतो.

गेल्या रविवारी दलालाकडून भाव काढून ताईकडे गेलो. दाजींच्या शेअरांत आता सहज फ्लॅट येत होता. ती मेथी निवडत बसली होती. "शेअर विकायच्या या अर्जावर सह्या कर," मी म्हणालो. "गंगापूर रोडला जागा बघून ठेवलीय. ओटा तुला हवा तसा करून देतील."

तिने कागद नीट वाचले. "एवढे झाले? बघ, हे म्हणतच होते." चेहऱ्यावर चक्क अभिमान! मग कागद माझ्याकडे सरकवून पुन्हा मेथी हातात घेतली.

"नको रे आता."

"नको? अगं, सगळा जन्म वाट बघितलीस ना?"

"दोघांना हवं होतं ते. मला एकटीला ही एक खोली पुरते... आतली तर मी उघडतसुद्धा नाही."