दोन रानांची येळवस

साहेबांपुढे कसलीही अडचण मांडा. ते आधी डोक्यावरची टोपी काढायचे, उत्तर आतल्या शिवणीत लिहून ठेवल्यासारखं तिच्यात बघायचे, टोपी परत डोक्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "नोडोण." म्हणजे कानडीत 'बघू या'. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, नोकरी आमच्या माढा तालुक्यात. ते आमच्या भागाचे कृषी सहायक. ठिबक असो, शेततळं असो की बांधबंदिस्ती, सरकारची योजना आमच्या शेतापर्यंत यायची ती त्यांच्या मोटारसायकलवरून. पोरं त्यांना मागे 'नोडोणसाहेब' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं.

माझा संबंध आला जेसीबीमुळे. योजनेतली मातीची कामं माझं मशीन करायचं. मशीनवाल्याला एकच कळतं, डिझेल जळतंय, लवकर काम दाखवा. साहेबांना मात्र घाई म्हणून ठाऊक नव्हती. मी बकेट टेकवायला जावं, तर हे हात आडवा करून रानात उकिडवे बसणार आणि ढेकूळ घेऊन चुरत राहणार.

"साहेब, सोयरीक जमवताय व्हय?" मी वैतागून विचारायचो.

"त्याहून अवघड की ओ. सोयरे निदान बोलतात तरी."

तुमच्याही गावात असा एखादा असेल. त्याच्या नावानं आपण कावतो आणि काम मात्र त्याच्याशिवाय हलत नाही.

खरी अडचण आली शांताकाकूंच्या रानात. काकू एकट्या, आणि रान उताराच्या तळाशी. वरच्या अंगाला त्यांच्या चुलत दिराचं, नामदेवबापूंचं रान. मधला सामाईक बांध पावसानं कधीच वाहून नेलेला. मोठा पाऊस झाला की वरचं पाणी थेट काकूंच्या ज्वारीत घुसायचं आणि काळी माती ओढ्याला घेऊन जायचं. जागोजाग मुरूम उघडा पडला होता. अजून थोडे पावसाळे असेच गेले असते तर काकूंना पेरायला रानच उरलं नसतं. योजनेत नवा बांध मंजूर झाला. पण सामाईक बांध म्हटल्यावर दोघांची संमती लागते, आणि मार्चअखेर काम झालं नाही तर निधी परत जातो.

बापू सही देईनात. बांधासाठी माती वरच्या अंगाची उकरतात. तिथं चर पडतो आणि त्यात पाणी थांबतं. यात आपलाही फायदा आहे हे त्यांच्या गळी उतरेना. "माती माजी आन बांध तिचा? न्हाय जमायचं." त्यात बोअरवेलच्या जुन्या भांडणावरून दोघांचं बोलणं बंद. बापू म्हणायचे, "तिला सांगा." काकू म्हणायच्या, "त्यास्नी सांगा." साहेब मधल्या मधे निरोप पोचवून दमले. मी म्हणालो, "सोडा की साहेब, दुसरीकडं काम घेऊ." तर पुन्हा टोपी निघाली.

डिसेंबरात एक दिवस म्हणाले, "यंदा येळवस काकूंच्या रानात करणार."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. साहेबांच्या मुलखात त्या दिवशी अख्खं घर शेतात जेवतं, आणि शेतात आलेल्या माणसाला उपाशी जाऊ देत नाहीत. आमच्याकडे ही रीत नाही. साहेब त्यासाठी दरवर्षी न चुकता गावी जायचे. यंदा गेले नाहीत. मोटारसायकलवर मागे वहिनी, त्यांच्या मांडीवर आंबिलाचा माठ, हँडलला भज्जीचा, म्हणजे डाळी-पालेभाज्यांच्या घट्ट कालवणाचा डबा आणि बाजरीच्या उंड्यांची पिशवी, अशी वरात काकूंच्या रानात आली.

जेवणाआधी रानाभोवती आंबील शिंपडत फेरी मारायची असते. साहेब पळसाच्या पानानं शिंपडत निघाले. काकूंच्या रानाची कड संपली तरी थांबेनात. तसेच बापूंच्या ज्वारीच्या कडेनं वर चढले, वरून वळले आणि पलीकडच्या अंगानं खाली उतरले. दोन रानांना मिळून एक फेरी. त्यांची चूक झाली की मुद्दाम केलं, हे मला अजून कळलेलं नाही. बापू गोठ्यापासून धावत आले.

"ओ साहेब, ते रान माजं हाय!"

"असं की?" साहेब पान हातात धरून उभे. "मला मधी बांधच दिसला नाही ओ."

बापूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि वळून बघितलं. आम्हीही बघितलं. मधे खरोखरच काही नव्हतं. उतारावर बापूंचीच ज्वारी गुडघ्याएवढी खुरटलेली, मुळ्या उघड्या पडलेल्या. त्यांची माती खाली वाहून गेलेली आंधळ्यालाही दिसली असती.

काकूंनी पत्रावळ मांडली. "भावजी, बसा," त्या थेट बापूंना म्हणाल्या. "आज हितनं उपाशी जायाचं नसतंय म्हनं."

बापू बसले. भज्जी दोनदा मागून घेतली. हात धुताना साहेबांना एवढंच म्हणाले, "चर लई खोल नगा घिऊ."

फेब्रुवारीत ज्वारी निघाली आणि मार्चमध्ये बांध झाला. जादा पाणी जायला कडेला दगडाचा सांडवाही रचला. मे महिन्यात साहेबांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. ज्या पाण्यासाठी त्यांनी एवढं केलं, ते थांबलेलं बघायला ते नव्हते. मला ते फार लागलं.

सप्टेंबरात एका दुपारी मुसळधार पाऊस झाला. उघडल्यावर बापूंचा फोन आला, "मशीन ऱ्हाऊ दे, तू ये." गेलो तर दीर-भावजय बांधावर उभे. वर चर तुडुंब, सांडव्यातून निवळ पाणी पडतंय, आणि काकूंची माती जागच्या जागी. साहेबांना दाखवावं म्हणून व्हिडिओ कॉल लावला, पण रेंज नव्हती. साधा फोन कसाबसा लागला.

"साहेब, बांध टिकला. पाणी थांबलंय."

साहेब म्हणाले, "फोन सांडव्यापाशी धरा की ओ जरा."

मी चिखलात खाली बसलो आणि हात लांब करून फोन पाण्याजवळ धरला. बऱ्याच वेळानं फोन कानाला लावला, तर तो कधीच कट झालेला.

"ऐकलं का त्यांनी?" बापूंनी विचारलं.

मी म्हणालो, "व्हय, ऐकलं की."