काजळीच्या कुरडया

लोहाऱ्याच्या ज्ञानोबा मिस्त्रीकडं कुठलीही डिझेल गाडी न्या, रोग एकच निघायचा. गाडी ओढत नाही? डबा काढा. ॲव्हरेज देत नाही? डबा काढा. काच खाली होत नाही म्हणून कुणी आलं, तरी ज्ञानोबा आधी गाडीखाली सरपटत जाऊन डबाच बघायचा. डबा म्हणजे नव्या गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर कंपनीनं बसवलेला फिल्टर. त्यात बारीक जाळी असते, ती धुरातली काजळी अडवते. ज्ञानोबा डबा कापायचा, आतली जाळी फोडून काढायचा अन् रिकामा डबा वेल्डिंग करून पुन्हा जागच्या जागी बसवायचा. बाहेरून गाडी सोवळ्यातली, आत ठणठण गोपाळ. कायद्याला हे चालत नाही, पण कायदा काय गाडीखाली सरपटत येतोय व्हय!

"नाकात बोळं कोंबून माणूस पळंल का?" असं तो गिऱ्हाइकाला विचारायचा. गिऱ्हाईक मान हलवायचं की लगेच कटर सुरू.

त्याची बायको द्वारकाबाई हिला या धंद्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता रुखवतात. लेक शिवांजलीचं लग्न मुरुमच्या योगीराजशी ठरलेलं, अन् तेही परवावर आलेलं. सुपारीच्या दिवशी विहीणबाई सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या होत्या, "आमच्या मुरुमला कुरडया लई पांढऱ्या असतात बरं का." झालं! ते वाक्य द्वारकाबाईच्या काळजात रुतून बसलं. रुखवतातली कुरडई जरा जरी मळकी निघाली, तर लेकीला जन्मभर टोमणे ऐकावे लागणार, याची तिला खात्रीच होती.

म्हणून तिनं गहू आधीच तीन दिवस भिजवले होते, चीक काढून फडक्यातून पुन्हा पुन्हा गाळला होता. त्या दिवशी पहाटे गल्लीतल्या बायका बोलावून कुरडया घातल्या. गॅरेजच्या मागच्या अंगणात बाजा टाकून, वर धुतलेली लुगडी अंथरून त्या वाळत ठेवल्या. अशा पांढऱ्याफेक, की बायका बघतच राहिल्या.

"आज अंगणात गाडी आणाल तर याद राखा," तिनं नवऱ्याला बजावलं.

"व्हय व्हय," ज्ञानोबा म्हणाला. अन् खरं सांगायचं तर त्यानं शब्द पाळला. अंगणात गाडी आणलीच नाही.

दुपारी जेवळीचा रणधीर आपली गाडी घेऊन आला. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागलेला अन् गाडी मरगळलेली. ज्ञानोबानं नेहमीप्रमाणं डबा मोकळा केला. आता त्याची एक पद्धत होती. काम झालं की गिऱ्हाइकाकडून फुल रेस द्यायला लावायची, म्हणजे धूर बघून त्याची खात्री पटते. पण रस्त्याकडं धूर सोडला तर पोलीस बघतात. म्हणून गाडीचं ढुंगण कायम मागच्या दाराकडं. वर्षानुवर्षांची सवय! हातांनी गाडी वळवली, डोक्याला विचारलंसुद्धा नाही.

"रणधीर, दे रेस!"

भ्वॉऽऽक! नळीत साठलेली सगळी काजळी एका दमात मागच्या दारातून अंगणात गेली. रणधीर तर हरखूनच गेला. "मिस्त्री, काय दम हाय ओ!" म्हणत तो दुसऱ्यांदा रेस देणार, एवढ्यात धुरातून द्वारकाबाई बाहेर आली. तिचे फक्त डोळे ओळखू येत होते. तिच्यामागं गल्लीतल्या बायका, अन् त्यांच्यामागं बाजांवर काळ्याकुट्ट कुरडया.

ज्ञानोबाची बोबडी वळली. "झटकल्या तर निघंल गं," तो चाचरत म्हणाला. "न्हायतर काळं तीळ घातल्यात म्हणून सांगू."

द्वारकाबाईनं एक काळी कुरडई उचलून त्याच्या हातावर ठेवली अन् घरात गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर तो सुखानं जेवला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला. पहिल्या घोटालाच ज्ञानोबाचं तोंड चहापत्तीनं भरलं.

"गाळणी कुठं हाय?"

"काढून टाकली," द्वारकाबाई म्हणाली. "च्याला मोकळा श्वास नको व्हय घ्यायला?"

चाळणीही गायब होती. जेवणात कोंड्यासकट भाकरी आली, त्यात एक खडाही निघाला. ज्ञानोबानं मुकाट गिळली. पण नंतर मागच्या दाराशी बायको बाजेवर बसून पदरानं डोळे पुसताना दिसली, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. तसाच बाजारात पळाला अन् तयार कुरडया घेऊन आला. पिवळ्या, अर्ध्या मोडक्या. तिनं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

शेवटी शिवांजलीनंच कंबर कसली. पोरगी मोठी खट्याळ. तिनं पुठ्ठ्याची एक झोकदार गाडी केली, मागं नळी लावली अन् नळीपासून थेट टेबलाच्या टोकापर्यंत काळ्या कुरडयांचे लोट रचले. वर पाटी लावली, 'वडिलांची कृपा'.

लग्नात विहीणबाई रुखवत बघायला आल्या. विहीणबाई वाकल्या, पाटी वाचली, कुरडईला बोट लावून बघितलं अन् तोंडाला पदर लावून अशा हसत सुटल्या की त्यांना धरून खुर्चीवर बसवावं लागलं.

"बया बया! आमच्या पोरानं गाडी मागितली न्हाय," त्या म्हणाल्या, "तर तुमी धुरासकट दिली!"

सगळा मांडव हसला. द्वारकाबाईसुद्धा हसली अन् हसता हसता रडली. ज्ञानोबा तेवढ्यात खांबाआड जाऊन उभा राहिला होता.

पाठवणीची वेळ झाली. योगीराज आपल्या गाडीत स्टिअरिंगवर बसला अन् काच खाली करून हळूच म्हणाला, "मामा, फिल्टरचा दिवा लागलाय. जाता जाता तेवढा डबा मोकळा करता का?"

ज्ञानोबाचा हात लग्नातल्या नव्या सदऱ्याच्या खिशात गेला. पाना तिथंही होताच. पण मागच्या सीटवर शिवांजली नव्या शालूत बसून नाक ओढत होती. त्यानं तिच्याकडं बघितलं अन् हात बाहेर काढला.

"जावईबापू, त्याला हात लावू नका," तो म्हणाला. "गावातल्या गावात फिरवली की लागतोय दिवा. हायवेला लागलात की एका चालीनं उमरग्यापर्यंत पळवा अन् मग मागं वळा. आतली काजळी आपली आपण जळून जाती. दिवा इझतो."

"एवढंच?"

"एवढंच."

हुंदके देणारी द्वारकाबाई पुढं आली. तिनं पदर तोंडावरून खाली घेतला.

"म्हंजे तुमाला ठावं व्हतं?"

तिच्यामागं रणधीर उभा होता. त्याच्यामागं डबा मोकळा करून घेतलेली अर्धं लोहारा उभं होतं, सगळं जेवून ताजंतवानं. ज्ञानोबानं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा त्या गर्दीकडं, अन् गाडीचं मागचं दार उघडून लेकीशेजारी जाऊन बसला.

"हाणा, जावईबापू!"

लेकीची पाठराखीण म्हणून बाप सासरी गेल्याचं लोहाऱ्यात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ज्ञानोबा गेला.