आबांना खुर्चीला बांधलं तेव्हा

खुर्चीचा उजवा हात मी करवतीनं कापून टाकला, तेव्हा आबा, माझे वडील, माझ्या अंगावर धावून आले.

"आरं, येवढी चांगली खुर्ची केल्ती की! वाटोळं केलंस तिचं!"

चांगली कसली, सिंहासन होतं ते. जुनी बैलगाडी मोडून निघालेलं बाभळीचं लाकूड, डोक्याच्या वर जाणारी पाठ, दोन्ही बाजूंना छातीपर्यंत उंच हात. मी पडू नये म्हणून. आणि मला तिच्यात बसून तलवार चालवायची होती. पहिलाच वार काढताना माझं कोपर त्या लाकडावर असं आपटलं की बोटं बधिर झाली आणि तलवार गोठ्यातल्या शेणात पडली. मग मी करवत घेतली. डावा हात ठेवला, कारण तो धरून बसायचं असतं. उजवा कापला.

माझा उजवा पाय मांडीपासून गेला तो बिद्रीच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉलीखाली. त्यावर जास्त लिहिणार नाही. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष होतं. पेपर दिले, पास झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि शेवटच्या वर्षी ती मी कुबड्यांवर चढलो. हे सांगायला मला लाज वाटत नाही, उलट कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

बसून खेळायची तलवारबाजी मला कॉलेजच्या जिमखान्यात दिसली. दोन खुर्च्या समोरासमोर, जरा तिरक्या, एकाच चौकटीत जखडलेल्या. मागं सरकायला जागा नाही. कंबरेच्या वर कुठंही वार करा. बूड उचललं की चूक. मला ते बघताक्षणी आवडलं. ट्रॉलीखालून बाहेर आल्यापासून मला कुणाला तरी मारायचंच होतं.

पण मागच्या निवड चाचणीत मारच खाल्ला. समोरच्या पोरानं मुखवट्यावर, खांद्यावर, बरगडीवर झोडपून काढलं. वार आला की माझे डोळे मिटायचे. कारण उघड होतं. जिमखान्यातली धडधाकट पोरं माझ्याशी खेळताना टिचकी मारल्यासारखी मारायची. लंगड्याला कोण जोरात हाणणार? प्रशिक्षकांनी तोंडावर सांगितलं, "या रविवारच्या चाचणीत डोळे मिटलेस तर तुझी जागा दुसऱ्याला." तलवारी, मुखवटे आणि जाड जॅकेटं मात्र त्यांनीच घरी न्यायला दिले.

मारणारा माणूस माझ्या घरातच होता. आबा सकाळ-संध्याकाळ म्हशींच्या धारा काढतात आणि मधल्या वेळात मंगळवार पेठेतल्या तालमीत पोरांना लाठी आणि पट्टा शिकवतात. त्यांच्या लाठीनं मोडलेली मनगटं पेठेत अजून दाखवतात लोक. पण त्या तालमीत एक रीत आहे. खेळता खेळता समोरचा खाली बसला की हत्यार उलटं धरायचं. बसलेल्या माणसावर वार नाही. आबांनी ती रीत शेकडो पोरांच्या हाडात उतरवली, आणि स्वतःच्याही.

उजवा हात कापलेल्या खुर्चीत मी बसलो, आबा समोर उभे राहिले. त्यांची तलवार वाऱ्यासारखी यायची आणि माझ्या मुखवट्यापाशी येऊन थांबायची. दर वेळी. मी त्यांना दंडावर फोडलं, कानावर फोडलं. मुखवटा घाला म्हटलं तर घातला नव्हता. कानाची पाळी लालभडक झाली. तरी नाही.

"मारा की!" मी ओरडलो. "म्हातारं झालासा काय? का भ्यालासा?"

"तोंड सांभाळ."

"पांगळ्याचं काय तोंड सांभाळायचं? मारा!"

"बसलेल्यावर हात पडत न्हाय माझा. काय करू, तोडून टाकू हात?"

"मग तुम्हीपण बसा."

ते दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून आले आणि बाभळीची राहिलेली फळकुटं ओढली. दुसरी खुर्ची आम्ही दोघांनी मिळून जोडली. त्यातही भांडण. त्यांना खिळे ठोकायचे होते, मला नट-बोल्ट हवे होते. खिळा हिसक्यानं सुटतो, हे मी पहिल्या खुर्चीवर शिकलो होतो. ते भोकं पाडत होते, मी जमिनीवर बसून पाना फिरवत होतो. एकदा पाना निसटून माझ्या अंगठ्याचं नख उलटलं. आबांनी बघितलं आणि हळदीची पूड तेवढी पुढं केली. दोन्ही खुर्च्या खाली दोन जाड दांड्यांवर आवळल्या. चौकट आबांनी गोठ्याच्या दाराएवढीच रुंद केली, आत-बाहेर नेता यावी म्हणून.

या खेपेला त्यांनी मुखवटा घातला. मी पहिला वार त्यांच्या खांद्यावर हाणला आणि आबा ताडकन उभे राहिले. आयुष्यभराची सवय. उभं राहून त्यांनी खाली बघितलं, मी बसलेला, आणि तलवार उलटी झाली.

"बसा खाली!"

ते बसले. मी मारलं. परत उभे. मी आईमाईवरून शिवी दिली. माझ्या बापाला मी पहिल्यांदाच तशी शिवी दिली, आणि ती गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या आईनं ऐकली. ती आत आली. मला वाटलं, कानफटात बसणार. तिनं खुंटीवरचं दावं काढलं.

"काय करतीस गं?" आबा म्हणाले.

"म्हस लाथ मारती तवा तुम्हीच तिचं पाय बांधता न्हवं? बसा गप."

तिनं त्यांच्या दोन्ही मांड्या खुर्चीला आवळल्या आणि गाठ मागच्या बाजूला मारली, त्यांचा हात पोचणार नाही अशी. आबांनी उठून बघितलं. उठता येईना. त्यांनी तलवार सरळ धरली.

मग वार आला. मानेच्या खाली, हासळीच्या हाडावर. जॅकेट असून आतून काहीतरी चटका देऊन गेलं. दुसरा मुखवट्यावर, डोक्यात घंटा वाजल्यासारखा. तिसरा बरगडीवर. तो माणूस आता वस्ताद नव्हता आणि बापही नव्हता. बांधलेला, चिडलेला, दातओठ खाऊन मारणारा माणूस होता. मी श्वास घ्यायच्या आत तो परत मारायचा. माझे डोळे मिटले, मिटले, आणि कधीतरी मिटायचे थांबले, कारण मिटून काही फायदा नव्हता. मला त्याचं मनगट दिसलं. वार निघायच्या आधी ते आत वळतं. मी तिथंच हाणलं. आबा कळवळले आणि दुप्पट जोरानं आले. मी खुर्चीचा डावा हात घट्ट धरून पूर्ण अंग बाहेर झोकलं, त्यांनीही त्याच बाजूला झोकलं, आणि गोठ्याच्या दाराएवढी ती अरुंद चौकट आम्हा दोघांसकट आडवी झाली.

म्हशी दावणीला हिसके देऊन ओरडायला लागल्या. माझं तोंड शेणात. आबा खुर्चीसकट कुशीवर पडलेले, मुखवटा सरकलेला, ओठ फुटून हनुवटीवर रक्त. बोल्ट एकही ढिला झाला नव्हता.

"आबा, लागलं?"

ते थुंकले. "डोळं उघडं हुतं का तुझं?"

"हुतं."

"सगळ्या वारांना?"

"शेवटच्या."

आई गाठ सोडायला वाकली. आबांनी कोपरानं तिचा हात बाजूला सारला.

"सोडू नगंस. आधी खुर्ची उभी कर."