शेवटची नावं

आमच्या रत्नागिरीच्या फिल्म क्लबला एक काका येतात. जन्मभर बोटीवर नोकरी केली, आता पावसला असतात. सिनेमा संपून दिवे लागले तरी मांडीवरची पिशवी सांभाळत पडद्यावरची सगळी नावं संपेपर्यंत बसतात. परवा परदेशातल्या एका बंदरात पेटलेल्या यादवीवरचा सिनेमा होता. मला दार लावायचं होतं. जरा वैतागूनच म्हटलं, “काका, संपला.”

“थांबा ओ. मेलेल्यांची कामं केली त्यांची नावं येतायत.”

नावं संपल्यावर ते उठले. “गावच्या नमनाच्या खेळात मेलेला राक्षस नंतर पडद्यामागे चहा पिताना दिसला, की बरं वाटायचं. हे तसंच. ही लढाई पेटली तेव्हा आमची बोट त्याच बंदरात होती. धक्क्यावर पडलेली माणसं मी बराच वेळ बघत होतो. कोणीच उठलं नाही.”