अंगावरून गेलेलं वारं

मी पीएचडी करत होते तेव्हा माझा विषय कुणी विचारला की आई सांगायची, "ती कॉम्प्युटरला डॉक्टरकी शिकवते." डॉक्टरकी मला स्वतःलाच येत नव्हती. मी इंजिनीअर. मुलुंडला वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, एका कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवत होते. एकदा बाबांना घेऊन दवाखान्यात बसले होते. बाबा डॉक्टरांशी चांगली दहा मिनिटं बोलले. कुठे दुखतं, केव्हापासून, काय खाल्लं की वाढतं, सगळं. डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत तीन शब्द लिहिले. मला प्रश्न पडला, बाकीचं बोलणं गेलं कुठे? त्या प्रश्नापायी मी वैद्यकीय माहितीशास्त्राकडे वळले. हा विषय काय असतो हे तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं.

मी एक प्रोग्रॅम लिहिला. पेशंट जे बोलतो ते टाइप करायचं, प्रोग्रॅम त्याचा अर्थ लावणार आणि कुणाला आधी तपासायला हवं त्याचा क्रम सांगणार. घाटकोपरच्या एका रुग्णालयात सकाळच्या ओपीडीत बसायची परवानगी मिळाली. अट एकच होती. माझा क्रम कुणी पाळणार नाही, तो फक्त नंतर ताडून बघायचा. खरा क्रम लावायची तिथली सिनियर सिस्टर. मूळची कोकणातली, निवृत्तीला आलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. केस पेपरच्या खिडकीशेजारी उभी राहून ती प्रत्येकाला विचारायची, "काय होतंय?" आणि उत्तर पुरं व्हायच्या आत माणसाला डावीकडे, उजवीकडे किंवा बाकावर पाठवायची. मी तिच्याशेजारी स्टुलावर, लॅपटॉप मांडीवर घेऊन. पहिला आठवडाभर ती मला मॅडम म्हणायची. त्यात आदर फारसा नसायचा.

दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा वडिलांना काखेत धरून घेऊन आला. वडील साठीचे असतील. "सकाळी चहा पिताना हातातून कप पडला," मुलगा म्हणाला, "अंगावरून वारं गेलंय, सिस्टर."

सिस्टरने त्यांच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं, व्हीलचेअर मागवली आणि त्यांना थेट कॅज्युअल्टीत पाठवलं. मी मुलाचं वाक्य जसंच्या तसं टाइप केलं होतं. सिस्टर माझ्या खांद्यावरून वाकली.

"बघू, तुझं मशीन काय म्हणतंय?"

मशीन म्हणत होतं, पोटात गॅस. रांगेत शेवटचा नंबर.

ती हसली असती तर बरं वाटलं असतं. तिने चष्मा काढला आणि विचारलं, "तू कुठली गं?"

"मुलुंडची."

"मराठीच ना?"

मी मान डोलावली. "अंगावरून वारं जाणं म्हणजे लकवा," ती म्हणाली. "अर्धं अंग लुळं पडतं. एवढं माहीत नाही?" आणि पुढच्या पेशंटकडे वळली.

मशीनचा यात काही दोष नव्हता. शब्दांचा तक्ता मी केला होता. वात, वायू, वारा, सगळ्यांपुढे मीच 'गॅस' लिहिलं होतं, आणि तेही अगदी खात्रीने.

संध्याकाळी बाबांना विचारलं. बाबा जालन्याकडच्या गावातून नोकरीसाठी मुंबईला आले होते.

"अगं, तुझे आजोबा तसेच तर गेले. घरात शंभर वेळा ऐकलंयस तू."

ऐकलं होतं खरं. पण लहानपणी मला वाटायचं, आजोबांना गार वारं बाधलं. बाबांना हसू आलं. नंतर आपणहून म्हणाले, "आमच्याकडे बारीक ताप असला की म्हणतात, अंगात कसर आहे. तुझं मशीन याचं काय करेल?"

टाइप करून पाहिलं. मशीनला वाटलं, शरीरात कशाची तरी तूट आहे. बाबांना एवढी मजा वाटली की जेवण होईपर्यंत ते एकेक शब्द काढत राहिले आणि मशीन एकेक चुकत राहिलं. मला मात्र वेगळंच कुतूहल लागलं होतं. असे किती शब्द असतील?

गाइडना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हा शब्दकोश झाला. यात संशोधन कुठे आहे?"

"सर, माणूस काय म्हणतोय हेच कळलं नाही तर पुढचं गणित कशावर करायचं?"

त्यांनी टेबलावर थोडा वेळ बोटं वाजवली. "तीन महिने," ते म्हणाले. "त्यानंतर आकडे दाखव."

मी लॅपटॉप बंद केला आणि सिस्टरच्या शेजारी वही घेऊन बसले. गुजराती बायका 'गभरामण' म्हणत छातीवर हात ठेवायच्या, ते घाबरणं नव्हे, छातीत कोंडल्यासारखं होणं, हे तिने मला शिकवलं. डोकं ठणकणं वेगळं, भणभणणं वेगळं. कळ एका जागी असते, चमक धावते. कुणी "कसंतरी होतंय" म्हटलं की ती दुसऱ्यांदा विचारायची, आणि दुसऱ्या वेळचं उत्तर खरं धरायची. एव्हाना ती मला सरळ अगं-तुगं करायला लागली होती. लकवा झालेल्या गृहस्थांचा मुलगा औषधं न्यायला आला की आमच्याकडे डोकावायचा. वडिलांचा हात बराच सावरला होता, पाय थोडा ओढत होता.

वही भरली, तक्ता नव्याने केला. प्रोग्रॅम सुधारला, गाइड खूश झाले. तरी सिस्टरचा क्रम माझ्यापेक्षा चांगलाच यायचा. शब्द तेच, मग फरक कुठे पडतोय? एके दिवशी न राहवून विचारलंच.

"मी ऐकते कमी, बघते जास्त," ती म्हणाली. "आता ती बघ, पिवळ्या साडीतली. सोबत नवरा आलाय. कामधंदा सोडून नवरा स्वतः घेऊन आला, म्हणजे बाई खरंच आजारी आहे. एरवी बायका एकट्याच येतात."

मी आमचा फॉर्म पाहिला. वय, पत्ता, तक्रार. सोबत कोण आलं याला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी समासात लिहायला लागले: नवरा, सून, शेजारीण, कुणी नाही. समासातल्या त्या एका शब्दाने प्रोग्रॅम आणखी थोडा शहाणा झाला. सिस्टरइतका मात्र आजही झालेला नाही.

आता मी प्राध्यापक आहे. आमच्या विषयात कृत्रिम बुद्धिमत्ता इतकी पुढे गेली आहे की विद्यार्थी मोठमोठी मॉडेलं घेऊन येतात आणि ती झकास मराठी बोलतात. त्यांनाही मी आधी महिनाभर ओपीडीच्या बाकावर बसवते. कुरकुरतात, पण परत येतात तेव्हा त्यांच्या वहीत मला माहीत नसलेला एखादा तरी शब्द असतो. तो पाहायची मला दरवर्षी घाई असते.

त्या ओपीडीतल्या कामावरचा माझा पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा लेखकांमध्ये सिस्टरचं नाव होतं. पदवीच्या रकान्यात काय लिहायचं यावर बरीच पत्रापत्री झाली होती. ती तोवर निवृत्त होऊन बोरिवलीला लेकीकडे राहायला गेली होती. मी निबंध घेऊन गेले. तिने चष्मा लावला, इंग्रजी मजकूर सोडून थेट तक्त्यावर आली आणि एकेका ओळीवर बोट फिरवत वाचायला लागली. पाचव्या की सहाव्या ओळीवर बोट थांबलं.

"इथे 'पाठीत उसण येते' लिहिलंयस. उसण भरते, येत नाही. कुणी तपासलं हे?"

"परदेशातल्या दोन तज्ज्ञांनी."

"त्यांना भरते का कधी उसण?" तिने विचारलं, आणि लेकीला हाक मारून पेन मागवलं.