व्हॉल्व्ह नेमका कुठे बसवला?

माझ्या हृदयात व्हॉल्व्ह बसवलेला नाही, ही गोष्ट माझ्या सासुरवाडीला, म्हणजे चांदवडला, अजून पूर्णपणे पटलेली नाही.

दोष माझ्या कुतूहलाचा. नाशकात माझं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. अर्धं आयुष्य नळ्या, तोट्या आणि व्हॉल्व्ह विकण्यात गेलं आणि पंचेचाळिशीत मी एक जुनी, पण भन्नाट पळणारी लाल गाडी घेतली. (केस गेल्यावर माणूस कंगवा घेतो, तसं.) तेव्हा बायकोनं, वैशालीनं, एकच अट घातली होती. "हिला एक स्क्रू जरी जास्तीचा लावलात, तर गाडी विकायची!" मी देवघरासमोर उभं राहून हो म्हणालो होतो.

पण एक प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. एवढं दांडगं इंजिन आणि मागून आवाज येतो शिलाई मशीनसारखा! मग बाकीचा आवाज जातो कुठे? शेवटी आमच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजवाल्या अस्लमभाईंना विचारलं.

"सायलेन्सर खातो ना, शेठ! कट-आउट व्हॉल्व्ह टाकू. सायलेन्सरच्या आधी पाइपला फाटा काढायचा, त्यात झडप. रिमोट दाबला की झडप उघडणार, धूर डायरेक्ट बाहेर. वाघ! परत दाबला की गाडी एकदम शरीफ."

"म्हणजे बायपास!" मी ओरडलोच. फिल्टर तुंबला की आम्ही पाण्याला हेच करतो. पाण्याचा बायपास आयुष्यभर पाहिला, आवाजाचा कसा असेल? आता पाहिल्याशिवाय राहवणार थोडंच!

दुसऱ्या दिवशी "दुकानात माल उतरवायचाय" अशी थाप मारून मी सकाळीच गॅरेज गाठलं. गाडी जॅकवर चढली आणि मीही (कुतूहल!) तिच्याखाली पाठीवर आडवा झालो. नेमका तेव्हाच वैशालीचा फोन आला. ग्राइंडरच्या घरघरीत मला काहीच ऐकू आलं नाही. फोन उचलला अस्लमभाईंनी. या माणसाला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलणं तर त्याहून जमत नाही.

"भाभी, शेठ आडवे झालेत. आत्ता उठता यायचं नाही त्यांना."

"अहो, पण कुठे आहेत?"

"द्वारकाला. बायपास चालू आहे ना! व्हॉल्व्ह टाकतोय."

"अगंबाई! कोण टाकतंय?"

"मीच. टेन्शन नका घेऊ, आपलं रोजचं काम आहे. पाइप कापला. आत लई काळं साठलं होतं, तेपण साफ केलं. दुपारी घरी येतील बघा, जोरात आवाज करत!"

एवढं बोलून झालं आणि माझ्या मोबाइलच्या बॅटरीनं मान टाकली. अस्लमभाई फोन आल्याचं सांगायलाही विसरले.

एरवी व्हॉल्व्ह हा शब्द आमच्या घरात मिठाइतका रोजचा. पण आदल्याच आठवड्यात मिसळीवर जादा तर्री ओतून घेऊन मी "छातीत जळजळतंय" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. त्यात बायपास! वैशालीनं द्वारकेच्या आसपासचे चार दवाखाने पालथे घातले. मी एकाही ठिकाणी नव्हतो. मग तिनं माहेरी फोन लावला.

इकडे काम फत्ते झालं. घरी येताना मोकळ्या रस्त्यावर एकदाच बटण दाबलं. काय तो आवाज! पोटातली मिसळसुद्धा थरारली! बाकीचा आवाज कुठे जात होता ते कळलं, जीव निवला. कॉलनीच्या आधी झडप बंद केली, रिमोट शर्टाच्या खिशात टाकला आणि मांजरीच्या पावलांनी घरी आलो.

दारात चपलांचा ढीग! आत सासरे, म्हणजे तात्या, कांद्याच्या वावरातून तसेच उठून आलेले, मातीच्या पायांनी. शेजारी मेहुणा दत्तू. मला पाहून सगळे थिजले.

"जावईबापू, चालत आले?" तात्यांचा आवाज फाटला. "येवढं मोठं आप्रेशन, अन् लगेच सोडलं? लय निर्दयी हायेत हे डॉक्टर!"

"बायपास झाला, व्हॉल्व्ह बसवला, आणि मला सांगितलंसुद्धा नाही तुम्ही!" वैशाली रडत म्हणाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगितलं की गाडी गेली! आणि मी, एका भरलेल्या घराचा कर्ता पुरुष, छातीवर हात ठेवून हळूच सोफ्यावर टेकलो.

"आता पूर्वीसारखं नसतं," मी क्षीण आवाजात म्हणालो. "खालूनच घालतात."

"टाके किती पडले?"

"टाके नाहीत. वेल्डिंग... म्हणजे लेझर!"

"विज्ञान लय पुढं गेलं," तात्या म्हणाले.

दत्तू माझ्या हातातली किल्ली घेऊन शहाळी आणायला निघाला. वैशालीनं माझा हात धरला. "वणीच्या देवीला नवस बोललेय," ती म्हणाली. "हे धडधाकट घरी आले तर सगळ्या पायऱ्या अनवाणी चढून येईन." मला माझी खरोखर लाज वाटली. गाडी गेली तर जाऊ दे, सांगूनच टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

तेवढ्यात तात्या पुढे सरकले. म्हातारा माझ्यासारखाच चौकस. "तो व्हॉल्व्ह आतून टिकटिक वाजतो म्हणत्यात. ऐकू का?" आणि परवानगीची वाट न पाहता त्यांनी माझ्या छातीला कान लावला. चांगला दाबून लावला. खिशातल्या रिमोटवर!

त्याच क्षणी खाली दत्तूनं गाडी चालू केली.

ढ्रररर्रूंऽऽम!

खिडक्या हादरल्या, कॉलनीतली सगळी कुत्री एका सुरात भुंकू लागली, आणि तात्या भिंतीपर्यंत मागे उडाले. "आरं बापरे! लय पावरफुल बसवला!"

दत्तू गाडी तशीच चालू सोडून धावत वर आला. "दाजी, तुमची गाडी फुटली!"

वैशालीनं एकदा दत्तूकडे पाहिलं, एकदा माझ्या खिशाकडे. दोन बोटांनी रिमोट बाहेर काढला. दाबला. खाली शांतता. पुन्हा दाबला. ढ्रररर्रूंऽऽम! पुन्हा शांतता. (चार वेळा दाबला. कुतूहल काय, कुणालाही असतं.)

"हा तो व्हॉल्व्ह?"

"हो."

मला वाटलं, आता भांडी उडणार. ती मात्र मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. "तुम्ही आहात ना? मग राहू दे ती गाडीपण. व्हॉल्व्ह तेवढा काढायचा. आणि नवस मी बोललेय, पण फेडायचा तुम्ही!"

फेडला. सगळ्या पायऱ्या, अनवाणी! निम्म्या वाटेवर मी धापा टाकत बसलो, तर सोबत आलेले तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होते, "पेशंट हाये. नवा व्हॉल्व्ह हाये. पर चढतोय!"

अस्लमभाईंनी झडप काढून पाइप पुन्हा जोडून दिला. रिमोट मात्र वैशालीनं पर्समध्ये ठेवलाय. चारचौघांत मी माझ्या हुशारीबद्दल बोलायला लागलो की ती फक्त पर्सची चेन उघडते.

आवाज अजूनही लगेच बंद होतो. माझा!