हात मोडला होता

"आधी साडी वर कर. मग हात बघू."

डॉक्टर हे म्हणाला तेव्हा माझा उजवा हात मनगटातून लोंबत होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. भोकरदनहून जालन्याला येताना आमची जीप रस्त्याच्या कडेला कलंडली होती. जखमींना एका सरकारी दवाखान्यात आणून टाकलं होतं. जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेली एक बाईही तिथं होती. तिच्या कपाळाला खोक पडली होती. तिला डॉक्टर म्हणाला, "ताई, कुठं लागलंय?" आणि पडदा ओढला. कपाळ बघायला पडदा. माझी पाळी आली तसा तोच पडदा त्यानं बाजूला सारला आणि वॉर्डबॉयला म्हणाला, "बोलव रे त्यांना." शेजारच्या खोलीतली माणसं आली. एकजण तर चहाचा कप हातात घेऊनच आला होता.

मी हिजडा. तुम्ही माझ्या पाठीमागे म्हणता तो शब्द मीच तोंडावर सांगते. पोरगा म्हणून जन्मले, बाई म्हणून जगते. मूल झालेल्या घरी आम्ही बधाई मागायला जातो. बाकीच्या नाचायच्या, मी ढोलक वाजवायची. हात म्हणजे माझं पोट होतं.

"काय रे, आहे तसंच आहे की कापलंय?" डॉक्टरनं विचारलं.

रे. अंगावर साडी, कपाळाला टिकली, नाव बाईचं सांगितलेलं, आणि तरी रे. मी म्हणाले, "साहेब, मला रे म्हणू नका." सगळे हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

माझ्याबरोबर अम्मा होती. अम्मा म्हणजे माझी गुरू. घरातून हाकलल्यावर जालन्यात मस्तगडच्या आपल्या खोलीत तिनंच मला ठेवून घेतलं होतं. ती माझ्या कानाशी वाकली.

"दाखव बेटा. जल्दी दाखव आन मोकळी हो. त्यांचं मन भरलं की मंग ते दुखण्याकडं बघतात. मी दाढ दुखली तव्हाबी दाखवलं होतं."

दाढ. दाढ दुखते म्हणून साडी वर करायला लावली, आणि अम्मानं ते असं सांगितलं, जणू दवाखान्याचा तो कायदाच आहे. माझ्या डोक्यात आग पेटली. बाजारात आमच्यातल्या कुणी चिडून आपली साडी वर करायला हात घातला की हीच मंडळी तोंड फिरवून पळतात. तो आमचा शाप आहे. रागाची हद्द झाली की आम्ही तो देतो. इथं ह्यांना तो चहाबरोबर फुकट बघायचा होता.

आमच्या बौद्ध वस्तीत बापानं मला लहानपणी एकच शिकवलं होतं, कुणापुढं वाकायचं नाही. मला साडीत पाहिल्यावर त्याच बापानं दार लावून घेतलं. दार त्याचं होतं, शिकवण मी घेऊन आले होते.

मी म्हणाले, "साहेब, मोडलाय तो हात. साडीखाली काही मोडलेलं न्हाई."

डॉक्टरचा पारा चढला. "मग चालू लाग. प्रायव्हेटला जा. इथं नाटकं नकोत."

मी उठले. फाटकापर्यंत आले. अम्मा म्हणाली, शहागडला एकजण हाड बसवतो, चल, एसटी बघू. मी तिथंच थांबले. दाखव, नाहीतर जा. दोन्ही त्याच्याच सोयीचं. मी ताठ मानेनं निघून गेले तरी तो पुढचा पेशंट बोलावून मोकळा. मोडलेला हात घेऊन फिरणार मीच. मी परत फिरले आणि त्याच्या खोलीच्या दारात फरशीवर बसले.

"प्लास्टर घातल्याबिगर उठणार न्हाई."

रांग अडली. लोक माझ्यावरच चिडले, डॉक्टरला कुणी एक शब्द बोललं नाही. जीपमधली ती बाई, कपाळाला पट्टी बांधून, म्हणाली, "नुसता तमाशा करून राह्यलंय. लोकायचे लेकरं तापानं फणफणलेत हितं." वॉर्डबॉय अंगावर ओरडला. पण मला उचलायचं तर हात लावावा लागला असता, आणि हात लावायची कुणाचीच तयारी नव्हती. त्यांची किळस त्या दिवशी माझ्या कामी आली.

शेवटी डॉक्टर आतूनच म्हणाला, "बांधून टाका रे त्याला, आणि काढा बाहेर."

एक्स-रे नाही. हाड जागेवर बसवणं नाही. आहे तसं गुंडाळलं. हात वाकडा जुळला, ढोलकावर पुन्हा नीट पडला नाही. मी जिंकले असं कुणी म्हणू नये.

काही वर्षांनी अम्माच्या पोटात दुखायला लागलं. तिनं ते लपवलं. ओवा चावायची, पोट दाबून भिंतीकडं तोंड करून पडायची. मला कळलं तेव्हा तिला उठून बसताही येत नव्हतं. म्हणाले, अम्मा, दवाखान्यात चल, मी आहे ना.

"न्हाई बेटा. आता दाखवायची ताकद न्हाई राह्यली."

ती खोलीतच गेली. कशानं गेली ते मला माहीत नाही, कुणी तपासलंच नाही. लोक म्हणाले, म्हातारीनं दुखणं अंगावर काढलं. खोटं आहे. तिला अंगावर काढायला लावलं. ज्यांनी लावलं ते आजही दारावर नावाची पाटी लावून पेशंट तपासत असतील.

आता आमच्यातली कुणीही आजारी पडली की मी बरोबर जाते. डॉक्टरसमोर आधी मी बोलते. हिचं नाव हे. हिला बाई म्हणायचं. खोकला आहे, छाती बघा. अंग तपासायचंच असेल तर कशासाठी ते आधी हिला सांगा, ही हो म्हणाली तर पडदा ओढा आणि बाकीच्यांना बाहेर घालवा. काही डॉक्टर ऐकतात. काही म्हणतात, तू कोण आम्हाला शिकवणार. त्यांच्याशी मी हुज्जत घालत नाही. दारात बसते. माझ्याकडं राहणाऱ्या पोरींनाही बसायला शिकवलंय.

परवा त्यांच्यातली एक, नवीनच आलेली, घाबरत म्हणाली, "आन त्यांनी आत घेतलंच न्हाई तर?"

मी म्हणाले, "तर तिथंच बसायचं. मरायची पाळी आली तर त्यांच्या दारात मरायचं. घरात लपून कुणी मरायचं न्हाई."